वाचकांचे प्रश्न : त्रिमिती चित्रांचे पुढे काय?

प्रश्न : काही वर्षांपूर्वी हौसेने घेतलेल्या थ्री-डी टीव्हीचे चष्मे कपाटात पडून आहेत. चित्रपटगृहात थ्री-डी खेळ पाहावा, तर चित्र काळवंडलेले दिसते आणि मुलीचे डोके दुखू लागते. ही कला आता संपली, असे समजावे काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घरातल्या थ्री-डी टीव्हीपुरते बोलायचे, तर तो अध्याय संपला आहे, 2017 पर्यंत बड्या उत्पादकांनी असे संच बनवणे थांबवले. मात्र त्यावरून त्रिमितीचाच निकाल लावणे मला मान्य नाही. एकमेकांपासून सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतरावर असलेल्या दोन डोळ्यांना दिसणारी, किंचित वेगळी अशी दोन चित्रे मेंदू एकत्र करतो आणि त्यातून खोली जाणवते, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये, म्हणजे छायाचित्रणाचा शोध जाहीर होण्याच्या आदल्या वर्षी, दाखवून दिले. तेव्हापासून ही कला अनेकदा ओसरली आणि प्रत्येक वेळी परत आली. आपल्याकडे 1984 मध्ये मल्याळममधील ‘माय डिअर कुट्टिचातन’ने आणि जगभर 2009 मध्ये ‘अवतार’ने तिला पुन्हा गर्दी मिळवून दिली.

आपली तक्रार रास्त आहे, पण दोष त्रिमितीचा नसून ती दाखवण्याच्या रीतीचा आहे. एकच प्रोजेक्टर डाव्या आणि उजव्या डोळ्याचे चित्र आळीपाळीने दाखवतो, तेव्हा प्रत्येक डोळ्याला निम्माच वेळ प्रकाश मिळतो. त्यातलाही निम्म्याहून अधिक प्रकाश ध्रुवीकरणाच्या, म्हणजे ठरावीक रीतीने कंप पावणाराच प्रकाश पुढे सोडणाऱ्या, गाळणीत अडतो. अशा वेळी दिव्याची ताकद वाढवली नाही, तर चित्र काळवंडणारच. लेझर प्रोजेक्टरने ही उणीव बरीच भरून काढता येते, परंतु तो खर्च लहान शहरांतील चित्रपटगृहांना जड जातो. डोकेदुखीचे एक कारण असे की, डोळ्यांचे भिंग पडद्यावर स्थिरावलेले असते, तर दोन्ही डोळ्यांच्या नजरा पडद्याच्या पुढे किंवा मागे भासणाऱ्या वस्तूवर एकत्र येऊ पाहतात. जाणता दिग्दर्शक ही तफावत आटोक्यात ठेवतो. तरीही मुलीला दर वेळी त्रास होत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडून तिचे दोन्ही डोळे मिळून नीट काम करतात का, हे अवश्य तपासून घ्यावे.

मला भविष्य दिसते ते डोळ्यांवर चढवायच्या संचांत. 2024 मध्ये आलेल्या अ‍ॅपल व्हिजन प्रोसारख्या संचात प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र पडदा असल्याने प्रकाशाची वाटणी करावी लागत नाही, आणि काही मोबाईल आता दोन भिंगांनी त्रिमिती चित्रफीतही टिपतात. डोळ्यांचे भिंग आणि नजर यांतली तफावत मात्र तिथेही पुरती सुटलेली नाही. मला अधिक खटकते ते हे की, हे पाहणे एकट्याचे असते. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये जिथे ‘सीतास्वयंवर’ रंगवले, त्या सांगलीकरांना शेजाऱ्यासोबत खेळ पाहण्याची गोडी वेगळी सांगायला नको. ती गोडी राखणारा, चष्म्याविना चालणारा मोठा पडदा अजून सर्वसामान्य चित्रपटगृहांत आलेला नाही. काही छोट्या पडद्यांवर मात्र हे साधले आहे.

प्रश्न : साध्या मोबाईलने अजिंक्यताऱ्याचे त्रिमिती छायाचित्र घेता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जरूर येईल. एक छायाचित्र घ्यावे, बाजूला सरकावे आणि मोबाईल त्याच पातळीत धरून दुसरे घ्यावे. किती सरकावे, याचा छायाचित्रकारांचा ढोबळ हिशेब असा की, दृश्यातील सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग. समोर मोकळी जागा असेल आणि गड दीड किलोमीटरवर असेल, तर सुमारे 50 मीटर. दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा हे कितीतरी पट अधिक असल्याने गड दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यासारखा हाताशी आलेला भासेल. ढगांच्या सावल्या सरकण्याआधी दुसरे छायाचित्र उरकावे. कासच्या पठारावरील फूल 30 सेंटिमीटरवरून टिपताना मात्र एकच सेंटिमीटर सरकावे, आणि तेही वारा पडलेला असताना.