त्यांना कळायला नको?

रांगेत मधेच घुसणारे, स्पीकर लावून मोबाइलवर गप्पा मारणारे, समोरच्या सीटवर बुटांसकट पाय ठेवणारे. अशा तक्रारी घेऊन थेट समुपदेशकाकडे कुणी येत नाही. झोप लागत नाही म्हणून येतात, घरात खटके उडतात म्हणून येतात. थोडं खोदलं की आतून हेच निघतं. ‘लोकांना काही वाटतच नाही का हो?’ हे अलीकडे इतक्यांदा ऐकते, की लिहायलाच बसले.

असेच एक लेखापाल गृहस्थ पत्नीच्या आग्रहाने आले. रोज रेल्वेने जाणं-येणं. ‘घरात पाऊल टाकतात तेच धुसफुसत,’ असं पत्नीचं म्हणणं. बसल्या बसल्या त्यांनी मोबाइल काढून फोटो दाखवायला सुरुवात केली. फूटपाथवर चढवलेल्या दुचाक्या, दारात आडव्या टाकलेल्या बॅगा, सीटवरचे बूट. सगळे तारीखवार लावलेले.

“हे कुणाला दाखवता?”

“कुणाला नाही. पुरावा म्हणून.”

“खटला कुठे चालू आहे?”

खटला रोज रात्री अंथरुणावर चालायचा. वकील तेच, न्यायाधीश तेच आणि शिक्षा भोगणारेही तेच.

मधल्या भेटींचं सगळं सांगत नाही. गाडी खरी हलली ती या बोलण्याने:

“त्या स्पीकरवाल्याला तुम्ही काय म्हणालात?”

“मी कशाला म्हणू? त्याला कळायला नको?”

“हवंच. पण नाही कळलं. मग?”

“मग काय! तासभर त्याच्याकडे रोखून बघत होतो.”

“त्याने पाहिलं?”

बराच वेळ ते गप्प होते. “नाही. तो मोबाइलमध्येच होता.” मग पुटपुटले, “म्हणजे तासभर माझं मीच...”

माझा कल विवेकनिष्ठ मानसोपचाराकडे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ही पद्धत मांडायला सुरुवात केली. लोकांनी नीट वागावं ही अपेक्षा रास्तच. पण ‘वागलंच पाहिजे, तेही मी न सांगता’ असा हट्ट धरला की चिडचिडीचा संताप होतो. इथे हट्ट दुसऱ्या भागाचा होता, न सांगता कळण्याचा.

म्हणून ‘दुर्लक्ष करा’ असं मी सांगत नाही. त्रास खराच असतो. स्पीकर नसतानाही फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं कानावर पडलं, तर दोघांचं पूर्ण संभाषण ऐकण्यापेक्षा लक्ष जास्त उडतं, असं अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांना २०१०मध्ये दिसलं. पलीकडचा काय म्हणाला असेल याचा अंदाज मेंदू बांधत बसतो.

त्याहून जुना एक प्रयोग मी त्यांना सांगितला. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांचा, १९७२मध्ये पुस्तकरूपाने आलेला. लोकांना अधूनमधून कर्कश आवाज ऐकवले. काहींना एक बटण दिलं. दाबलं तर आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका, असं सांगून. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही नंतर दिलेल्या कोड्यांवर, बटण नसलेल्यांपेक्षा हेच लोक जास्त चिकाटीने बसले.

“माझ्याकडे कुठलं बटण?”

“तोंड.”

हे उत्तर ठरवून दिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्याचं मला अजून कौतुक वाटतं. ते पहिल्यांदा मोकळे हसले.

मग वाक्य घासायला बसलो. त्यांचं पहिलं वाक्य ‘जरा तरी अक्कल’पासून सुरू होत होतं. उरलं ते एवढंच: “जरा आवाज कमी करता का? मला त्रास होतोय.” बोलायचं आवाजाबद्दल, माणसाबद्दल नाही. राग नाकापर्यंत येण्याआधी, सुरुवातीलाच. आणि पाठिंब्यासाठी आजूबाजूला बघायचं नाही. चारचौघांत अपमान झाला की चुकलेला माणूसही भांडायला उठतो.

पहिल्या मुलाने “सॉरी काका” म्हणत इअरफोन लावले. ते खुशीत सांगत आले. मला मात्र पुढचा प्रसंग मोलाचा वाटला. एका माणसाने सुनावलं, “त्रास होतो तर तिकडे जा.”

“मग?”

“गेलो. उभ्याने पेपर वाचला.”

“आणि रात्री?”

“रात्रीचं काय?”

बटण प्रत्येक वेळी दाबायचं नसतं, हे मी त्यांना बजावलं होतं, तुम्हालाही सांगते. समोरचा प्यायलेला असेल, टोळक्यात असेल किंवा आधीच हमरीतुमरीवर आलेला असेल, तर एक शब्दही बोलू नका. जागा बदला आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा.