वाचक विचारतात : कलकत्ता कपातले 270 रुपये

प्रश्न : इंग्लंड–स्कॉटलंड रग्बी सामन्याच्या करंडकाला कलकत्त्याचं नाव कसं? क्लब मोडताना रुपये वितळवून तो घडवला म्हणतात. त्यात चांदी किती असेल?

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. 1872 च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात सामना झाला. एकीकडे इंग्लंडचे 20 गडी, दुसरीकडे स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्सचे मिळून 20. (15 जणांचे संघ नंतरचे.) आठवड्याने पुन्हा खेळले आणि जानेवारी 1873 मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला (नाव फुटबॉलचं, खेळ रग्बीचा). पुढच्या वर्षी तो इंग्लंडच्या रग्बी युनियनचा सभासदही झाला.

फुकटचा बार बंद झाला आणि सभासद गळाले, हा किस्सा सगळे चवीने सांगतात. त्यापेक्षा मोठा फटका गोऱ्या पलटणीची बदली झाल्याचा. उरलेले पोलो, टेनिसकडे वळले. त्या हवेत रग्बी झेपतही नव्हतं. शेवटी कॅप्टन, चिटणीस आणि खजिनदार या तिन्ही जागा जी. ए. जेम्स रॉथनी एकटेच सांभाळत होते, यातच काय ते आलं. बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून त्याचा करंडक करायचा, ही कल्पना त्यांचीच. 1878 मध्ये तो युनियनला दिला.

आता हिशेब. रुपये 270. राणीछाप रुपया म्हणजे जुना एक तोळा, 11.66 ग्रॅम, सराफाचा आजचा 10 ग्रॅमचा तोळा धरलात तर चुकाल. म्हणजे 270 तोळे, 3 शेर 30 तोळे, साधारण 3.15 किलो. रुपयात 12 पैकी 11 भाग चांदी, उरलेला हिणकस, म्हणून निव्वळ चांदी सुमारे 2.89 किलो. उंची जेमतेम दीड फूट, तीन कान नागाचे, झाकणावर हत्ती.

प्रश्न : करंडकाच्या बैठकीवर 1871 पासूनचे निकाल आहेत. मग तो 1878 चा कसा?

उत्तर : बैठकीवरच्या पट्ट्यांत दोन्ही देशांचा पहिला सामनाही धरलाय, म्हणून घोळ होतो. करंडकासाठी पहिली लढत 1879 ची, एडिंबरोत. ती बरोबरीत सुटली. 1880 मध्ये तो पहिल्यांदा इंग्लंडने जिंकला. आता सामना बरोबरीत सुटला, तर आधी ज्याच्याकडे करंडक असेल त्याच्याकडेच राहतो.

आणखी एक गफलत टाळा : कलकत्त्यात 1884 मध्ये रग्बी पुन्हा सुरू झालं आणि 1890 मध्ये तिथल्या क्लबांसाठी वेगळा चषक ठेवला गेला. त्यालाही कलकत्ता कपच म्हणतात.