घरच्या घरी ज्ञानेश्वरीचा अभ्यास सुरू करतो, पण दीड-दोन महिन्यांत तो सुटतो. नेटका आणि एकाग्र कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की सार्थ प्रत घरात आहे, दोनदा सुरुवात झाली आणि दोन्ही वेळा सहाव्या अध्यायाच्या आसपास थांबली. वाचलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही, अशीही तुमची तक्रार आहे. माझ्या मते हा मनाच्या चंचलपणापेक्षा मोजमापाचा प्रश्न जास्त आहे.

'रोज थोडं वाचू' किंवा 'महिन्याला दोन अध्याय' असं बहुतेक जण ठरवतात. पण अध्याय सारखे नाहीत. पाचव्यात १८० ओव्या आहेत, बाराव्यात २४७, तेराव्यात साडेअकराशेच्या वर आणि अठराव्यात १८१०. अध्यायावर बेतलेलं वेळापत्रक त्यामुळे मोडणारच. ओव्या मोजा. प्रचलित प्रतीत एकूण ९०३३ ओव्या आहेत. बैठकीला ३० धरल्या तर ३०१ बैठका होतात. आठवड्यात सहा दिवस बसलात तर साधारण पन्नास आठवडे, म्हणजे वर्षभरात ग्रंथ पुरा होतो. सातवा दिवस उजळणीचा.

वहीत तारखा घालू नका, बैठकीचा क्रमांक घाला. घरात पाहुणे येतात, आजारपण येतं, सोयर-सुतकाचे दहा दिवस जातात. तारखा असल्या की मागे पडलेल्या बैठकांचं ओझं दिसायला लागतं आणि माणूस वहीच उघडत नाही. क्रमांक असला की ४४ नंतर ४५, मध्ये कितीही दिवस गेले तरी. राहिलेलं भरून काढायला एका दिवशी ६० ओव्या घेऊ नका. सातव्या दिवशी फार तर एक बैठक भरून काढा, बाकीच्यांसाठी वर्ष पुढे सरकू द्या.

पारायण आणि अभ्यास या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. सात दिवसांच्या पारायणात रोज जवळजवळ १३०० ओव्या होतात. सावकाश म्हणायला ओवीला दहा सेकंद धरले तरी रोजचे साडेतीन तास. त्यात श्रद्धा आहे, कानावर लय बसते, ते जरूर करा. पण त्या गतीने अर्थ लागत नाही, म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

आता एक बैठक. चाळीस मिनिटं पुरतात. आधी कालच्या वहीतली ओळ वाचा. मग ३० ओव्या मोठ्याने, न थांबता वाचा, याला पाच मिनिटं लागतात. ओठांतल्या ओठांत वाचू नका, डोळे पुढे पळतात आणि ओवीचा शेवटचा छोटा चरण हमखास गळतो. मग पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा, थांबत थांबत. इथे बारा-पंधरा मिनिटं द्या. आपल्याला काय कळलं ते एका वाक्यात लिहून काढा आणि *त्यानंतरच* खालचा गद्य अर्थ बघा. बहुतेकांचं बिघडतं ते इथे. अर्थ आधी वाचला की ओवी नुसती नजरेखालून जाते, आणि पंधरा दिवसांत आपण फक्त अर्थ वाचत असतो. तो सोपा वाटतो, म्हणूनच लक्षात राहत नाही. शेवटी पुन्हा एकदा मोठ्याने वाचा आणि आपलं वाक्य दुरुस्त करा.

तीस हे माप आहे, काटेकोर हद्द नाही. गीतेच्या ७०० श्लोकांवर ९०३३ ओव्या म्हणजे श्लोकाला सरासरी तेरा. शक्यतो श्लोकाची टीका संपेल तिथे थांबा. तेराव्यात ज्ञानाची लक्षणं सुरू झाली की हे जमत नाही, एकेका लक्षणाचा विस्तार मोठा आहे. तिथे दृष्टांत संपेल तिथे थांबावं.

दुसऱ्या वाचनात पेन्सिलीने करायचं काय? माउली एक विचार मांडतात आणि त्यावर चार-पाच दृष्टांतांची माळ लावतात. वाचणारा तिसऱ्या दृष्टांतापर्यंत मूळ मुद्दा विसरतो, आणि लक्ष लागत नाही असं त्याला वाटतं. म्हणून जोडशब्द शोधा. 'जैसें', 'कां', 'नातरी' यांनी बहुधा दृष्टांत सुरू होतो. 'तैसें' किंवा 'तेवीं' आलं की माउली मुद्द्यावर परततात. आधी 'तैसें'ची ओवी गाठा, ती समजून घ्या, मग मागे येऊन दृष्टांत वाचा. पानाच्या समासात दृष्टांताला टिंब, मुद्द्याला छोटी रेघ, एवढी खूण पुरे. 'कां' म्हणजे पुष्कळदा 'किंवा', आजचा प्रश्नार्थक 'का' नव्हे. 'नातरी'चाही अर्थ तोच. 'आघवें' म्हणजे सगळं, 'येर' म्हणजे दुसरा किंवा इतर. 'पैं'वर अडून बसू नका, ते बहुतेक वेळा पादपूरक, म्हणजे नुसता चरण भरून काढणारं असतं. असे शब्द वहीच्या शेवटच्या वीस पानांवर लिहीत जा. तेच ते शब्द परत येतात, त्यामुळे ही यादी वाटते तितकी वाढत नाही.

पोथीवर लिहायला अनेकांचं मन धजत नाही, आणि ते योग्यच आहे. देवघरातली प्रत वाचनाला ठेवा, अभ्यासाला दुसरी घ्या. साखरे महाराजांची किंवा सोनोपंत दांडेकरांची सार्थ प्रत चालेल, पण वर्षभर एकच. प्रतीप्रतीत पाठ आणि ओव्यांचे क्रमांक थोडे मागेपुढे होतात, दोन प्रती मिसळल्या तर वहीतले क्रमांक निरुपयोगी होतात. पातळ कागदावर शाई आणि रंगीत मार्कर मागच्या पानावर उतरतात. मऊ पेन्सिलच बरी.

जागेबद्दल सहाव्या अध्यायात, अकराव्या श्लोकावर, माउलींनी विस्ताराने लिहिलंय: जिथे बसलं की उठावंसं वाटू नये, अशी ती असावी. दोन खोल्यांच्या घरात याचा अर्थ एवढाच की जागा रोज तीच असावी आणि सगळं आधीच मांडलेलं असावं: ठवणीवर (पोथी ठेवायच्या घडवंचीवर) ग्रंथ, वही, पेन्सिल, चष्मा. सार्थ प्रत जड असते. मांडीवर घेतली की मान वाकते आणि वीस मिनिटांत माणूस उठतो. गुडघे दुखत असतील तर खुशाल खुर्ची-टेबल घ्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, वेळेसाठी गजराचं घड्याळ पुरतं. शब्द बघायला म्हणून घेतलेला फोन प्रवचनाच्या व्हिडिओवर जातो. प्रवचन जरूर ऐका, पण या चाळीस मिनिटांत नको. शंका वहीत टिपून ठेवा आणि जाणत्या माणसाला एकदम पाच-सहा विचारा.

तुम्ही सहाव्यापाशी अडलात त्याचं कारण बहुधा योगसाधनेतल्या मूळबंध आणि कुंडलिनीचं वर्णन असेल. ते पहिल्या वर्षी सगळं उलगडलंच पाहिजे असं नाही. वाचा, शंका टिपा, पुढे चला. मात्र ग्रंथावरून ती साधना करून पाहू नका. तिला गुरूच हवा.

सुरुवात पहिल्या अध्यायाने करू नका. आधी बारावा घ्या. नऊ बैठकांत होतो, आणि भक्तीचा विषय असल्याने गोडी लागते. नऊपैकी सात बैठका ठरल्या वेळी झाल्या तर ती वेळ तुमची. नाही झाल्या तर ओव्या कमी करू नका, वेळ बदला. मग पहिल्यापासून सुरू करा.

अठराव्याला दहा आठवडे लागतील, हे आधीच वहीत लिहून ठेवा. शेवटच्या बैठकीला फक्त पसायदान आणि त्यापुढच्या समाप्तीच्या ओव्या घ्या, जिथे शके १२१२चा आणि लेखक, म्हणजे ग्रंथ लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचा उल्लेख आहे. पसायदान पाठ असतं, म्हणून अर्थ न बघता म्हटलं जातं. तिथेही पेन्सिल घ्या आणि 'मार्तंड जे तापहीन' म्हणजे काय, ते आधी आपल्या शब्दांत लिहा.