खेळातला बाजार आणि तडकणारी चूल

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. शंभरपर्यंत घडाघडा म्हणते, पण 'पाच लिंबं दे' म्हटलं की ओंजळभर आणते. घरात बाजार मांडून दिला, तो दहा मिनिटांत मोडतो. काय चुकतं?
– एक आई, वसमत

उत्तर : ती आकडे म्हणते, मोजत नाही. एका वस्तूला एकच आकडा, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण वस्तू, हे हाताने उचलून ठेवल्याशिवाय उमगत नाही. अंड्यांच्या ट्रेचा पाच खळग्यांचा तुकडा कापून द्या. एका खळग्यात एक लिंबू.

बाजार बहुधा दोन कारणांनी मोडतो : माल फार आणि गिऱ्हाईक मास्तर होतं. कांदे, लिंबं, वांगी एवढंच ठेवा. नगाला एक रुपया, सगळ्यांचा भाव एकच. पैसे म्हणजे पुठ्ठ्याचे दहा तुकडे. मोठ्या नोटा आत्ताच नकोत. या वयात दहाच्या एका नोटेपेक्षा एकच्या दोन जास्त वाटतात. 'तीन आणि दोन किती?' विचारलं की खेळ संपला. त्याऐवजी तीन मागा आणि चार उचला. दुकानदारीण भांडायला उठेल, तिथेच मोजणी सुरू होते.

खरी गंमत तराजूची. त्यासाठी भाजी खरीच हवी, कागदाच्या वांग्याला वजन नसतं. ३० सेंमी लांब, ३ सेंमी रुंद लाकडी पट्टी कडेवर उभी धरा. मध्यावर वरच्या कडेजवळ एक भोक. टोकांपासून १ सेंमी आत, खालच्या कडेजवळ एकेक. मधलं भोक टोकांच्या भोकांपेक्षा खाली गेलं तर दांडी कलंडते आणि परत येत नाही. पारडी म्हणून श्रीखंडाच्या डब्यांची सारखी झाकणं, तीन-तीन सारख्या लांबीचे दोरे. तरी एक पारडं वर राहिलं तर त्याखाली पासंग म्हणून चिकटपट्टीचे तुकडे लावा. कणीक लावाल तर वाळून हलकी होते. वजनं वाळूच्या पुरचुंड्यांची : १०० ग्रॅमच्या दोन, २०० ची एक. किराणा दुकानात तोलून घ्या.

घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर हरभरे-चिंचोके नकोत, नाकाघशात जातात. आणि फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी दुकानात ठेवू नका.

प्रश्न : अंगणवाडीत मुलांनी काळ्या मातीची चूल-भांडी केली. वाळली आणि सगळी तडकली.
– सेविका, परतूर तालुका

उत्तर : काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते, शेताला भेगा पडतात त्याच कारणाने. चाळलेली माती दोन वाट्या, बारीक वाळू एक वाटी, मूठभर बारीक भुसा. मळून ओल्या फडक्यात रात्रभर ठेवा. भिंत बोटभर जाड, सगळीकडे सारखी. कान किंवा दांडा नुसता दाबून बसवला तर गळून पडतो; दोन्ही बाजू काडीने खरवडून पातळ चिखल लावा. वाळवण सावलीत, कारण उन्हात वरचा थर आधी आवळतो. एप्रिल-मेच्या झळांत वरून ओलं गोणपाट टाका. फवारलेल्या रानातली माती घेऊ नका. भांडी कच्ची आहेत, पाणी ओतलं की विरघळतील.

प्रश्न : नातू सारखा भातुकलीच खेळतो. पोराला शोभतं का?
– एक आजोबा, औसा

उत्तर : शोभतं. कणकेचा गोळा देऊन लाटायला बसवा, पेन्सिल धरायला लागणारा बोटांचा जोर त्यातून येतो. तुम्ही पंगतीला बसा आणि भाजी खारट झाली म्हणून सांगा. तो काय करतो ते बघा. उपाय तुम्ही सुचवू नका.