कच्छी शिकायचीय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : आमच्या बिल्डिंगमध्ये कच्छी कुटुंब राहतं, काकी एकदम प्रेमळ, पण त्या घरात बोलतात ते मला ओ की ठो कळत नाही. ते गुजरातीच ना? चार शब्द सांगा. — एक वाचक, म्हापसा

उत्तर : लिहितात बहुतेक गुजराती लिपीत म्हणून सगळ्यांना तसंच वाटतं, पण कच्छी जवळची आहे ती सिंधीला. आणि तुम्ही गोंयकार, तुमचं अर्धं काम झालंय बघा. 'मी' म्हणजे 'आऊं', आपलं कोंकणी 'हांव' आठवा. 'माझा भाऊ' म्हणजे 'मुंजो भा', 'माझी बहीण' म्हणजे 'मुंजी भेण', आता म्हणा 'म्हजो भाव, म्हजी भयण', झालं की! फक्त नपुंसकलिंग तिथे नाही, त्यामुळे 'म्हजें'सारखं तिसरं रूप शोधत बसू नका, घरसुद्धा 'मुंजो घर'च.

'तू' ला 'तुं', पण काकींना चुकूनही तुं म्हणू नका हां, मोठ्यांना 'आंइं'. नाव विचारायचं तर 'आंजो नालो कुरो आय?', 'नालो' म्हणजे नाव, 'कुरो' म्हणजे काय. 'आम्ही' ला 'असीं'. हा 'ही', तो 'हू', त्यात 'ही' ऐकून मराठी माणूस हमखास बाई समजतो. पाणी पाणीच, पोळीभाकरी 'मानी', दूध 'खीर', तेव्हा काकींनी खीर विचारली तर वाटी घेऊन बसू नका.

उच्चार मात्र पुस्तकातून येणार नाहीत, ब, ड, ग चे काही आवाज श्वास आत ओढून काढतात, ते काकींकडूनच ऐका. आणि सिंधी १९६७ ला, कोंकणी १९९२ ला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत गेली, कच्छी अजून बाहेरच आहे, म्हणून शाळेतलं पुस्तक वगैरे शोधण्यात वेळ घालवू नका.