हॅलोविन उलटून गेल्यावर कोणते भयपट बघावेत?

ऑक्टोबरभर भयपट बघितले, आता 31 तारीख उलटली, मुखवटेवाले खुनी आणि त्यांचे सातवे-आठवे भाग नकोसे झालेत, पण भयपट सोडवत नाहीत, मग पुढे काय, असा तुमचा प्रश्न आहे. मला विचाराल तर भयपटांचा खरा हंगाम आत्ता सुरू होतोय. हॅलोविनचे सिनेमे बहुतेक वेळा घोळक्यात बघायचे असतात: किंकाळी, हशा, पुन्हा किंकाळी. घोळका पांगल्यावर एकट्याने किंवा दोघांनी बघायचे सिनेमे वेगळे. ते दचकवत नाहीत, हळूहळू आत उतरतात. त्यांना लांब रात्र आणि शांत घर लागतं.

शिवाय ख्रिस्ती परंपरेत 31 ऑक्टोबर ही नुसती पूर्वसंध्या. 1 नोव्हेंबर सर्व संतांचा आणि 2 नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा दिवस. म्हणून नोव्हेंबरात मी गेलेल्या माणसाच्या दुःखातून उभे राहिलेले भयपट काढते. त्यात पहिला मान निकोलस रोगच्या 'डोन्ट लुक नाऊ'चा (1973). लाल रेनकोट घातलेली लहान मुलगी घराजवळच्या तळ्यात बुडते. काही काळाने तिचे आईवडील व्हेनिसमध्ये असतात, वडील एका जुन्या चर्चच्या डागडुजीचं काम बघत असतात. पर्यटकांचा हंगाम सरलाय, हॉटेलं बंद होत चाललीत, गल्ल्या ओल्या आणि रिकाम्या. तिथे भेटलेली एक आंधळी बाई आईला सांगते की तुमची मुलगी मला तुमच्या दोघांच्या मधे बसलेली दिसली, ती हसत होती.

डॅफ्नी ड्यू मॉरिएच्या मूळ कथेत मुलगी आजाराने जाते. तिचं बुडणं सिनेमाने आणलं, आणि त्या एका बदलाने अख्खं शहर बदललं. ज्या पाण्याने मुलगी नेली त्याच पाण्यात आता हे दोघं राहतायत, दाराबाहेर तेच, पुलाखाली तेच. रोग आधी छायालेखक होता आणि ते पदोपदी जाणवतं. लाल रंग, फुटलेली काच, पाण्यातलं प्रतिबिंब हे सगळं तो इतक्या शांतपणे एकमेकांशी जोडत नेतो की शेवटाला पोचल्यावर कळतं, सगळं आपल्या डोळ्यांसमोरच घडत होतं. नवरा-बायकोचं प्रेम इतक्या जिवंतपणे दाखवणारा दुसरा भयपट मला माहीत नाही. फक्त घरात नुकतंच कुणाचं लहान मूल गेलं असेल तर हा सिनेमा आत्ता बघू नका. पहिली काही मिनिटंच सहन होणार नाहीत.

त्याच वाटेवरचा पुढचा सिनेमा म्हणजे ऑस्ट्रेलियाचा 'लेक मुंगो' (2008). माहितीपटाच्या ढंगातला आहे: बुडून गेलेल्या मुलीबद्दल घरचे लोक कॅमेऱ्यासमोर बोलत राहतात, बस्स. त्यात मोबाइलवर टिपलेलं एक अंधूक चित्रण येतं, ते बघताना माझ्या अंगावर जो काटा आला तो कुठल्याही रक्तपाताने आलेला नाही. निकोल किडमनचा 'द अदर्स' (2001) बघितला नसेल तर त्याच्याबद्दल काहीही न वाचता बघा.

डिसेंबर लागला की जुन्या वळणाच्या भुतांकडे वळायचं. नाताळात शेकोटीभोवती बसून भुताच्या गोष्टी सांगायची इंग्लंडात जुनी रीत आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स हे विद्वान आपल्या कथा नाताळाच्या सुमारास मित्रांना आणि विद्यार्थ्यांना मेणबत्तीच्या उजेडात वाचून दाखवत. पुढे 1971 ते 1978 या काळात बीबीसीने दर नाताळाला एक भूतकथा दाखवली. एकेक भाग तासाभराच्याही आत संपतो. जेम्सच्या कथेवरचा 'अ वॉर्निंग टू द क्युरियस' (1972) जरूर बघा. समुद्रकाठी पुरलेला जुना मुकुट शोधणारा माणूस, मोकळा किनारा आणि दूरवर उभी एक काळी आकृती. ती फारसं काही करतही नाही, नुसती मागे असते. डिकन्सच्या कथेवरचा 'द सिग्नलमन' (1976) तर मला त्याहून जवळचा. बोगद्याच्या तोंडाशी एकटाच राहणारा रेल्वेचा माणूस आणि त्याला दिसणारी पूर्वसूचना. ही कथा डिकन्सने 1866 मध्ये लिहिली. आदल्या वर्षी स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून तो स्वतः वाचला होता आणि जखमींना त्याने हाताने पाणी पाजलं होतं. कथेतली धास्ती कुठून आली असेल हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

हेन्री जेम्सच्या कादंबरीवरचा 'द इनोसंट्स' (1961) याच पंक्तीतला. मूळ गोष्ट नाताळच्या आदल्या रात्री शेकोटीपाशीच सांगायला घेतलेली आहे. कृष्णधवल, आणि चौकटीच्या कडा मुद्दाम काळवंडलेल्या, त्यामुळे डेबोरा कर मेणबत्ती घेऊन चालते तेव्हा आपली नजर सारखी कडेला जाते.

खुनी हवाच असेल तर 'ब्लॅक ख्रिसमस' (1974). 'हॅलोविन' या सिनेमाच्या चार वर्षं आधीचा, आणि मला त्याहून जास्त घाबरवणारा, कारण खुनी कोण, त्याचं असं का झालं, हे शेवटपर्यंत सांगितलेलंच नाही.

आता बर्फ. 'द शायनिंग' तुम्ही पाहिला असणार म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' (1982) मात्र पाहिला असला तरी पुन्हा बघा, आणि कडाक्याच्या थंडीत बघा. अंटार्क्टिकातलं संशोधन केंद्र, बारा पुरुष, आणि कुठल्याही सजीवाची हुबेहूब नक्कल करणारा एक जीव. तो किळसवाणा दिसतो तेव्हा भीती उलट कमी असते. खरी भीती, तो दिसत नाही आणि बारा माणसं एकमेकांकडे बघत बसतात तेव्हाची. प्रत्येकाचं रक्त काचेच्या बशीत घेऊन त्यात तापलेली तार बुडवण्याचा प्रसंग मला पाठ आहे, तरी दर वेळी श्वास अडकतो. तिथून पळूनही जाता येत नाही, कारण बाहेरची थंडीही मारणारच. एन्निओ मॉरिकोनेचं संगीत इतकं मोजकं आहे की वाऱ्याचा आवाजही त्याचाच भाग वाटायला लागतो.

हा सिनेमा अमेरिकेत 25 जून 1982 ला, ऐन उन्हाळ्यात लागला. 'ई. टी.' दोनच आठवडे आधी आलेला होता आणि लोक त्या गोड परग्रहवासीच्या प्रेमात होते. 'द थिंग' आपटला, समीक्षकांनीही झोडपलं. आज दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट केंद्रात उन्हाळ्याचं शेवटचं विमान निघून गेलं की हिवाळ्यासाठी मागे राहिलेली मंडळी एकत्र बसून हाच सिनेमा बघतात. पुढचे कित्येक महिने त्यांनाही कुठे जाता येणार नसतं. एखाद्या सिनेमाला याहून मोठी दाद मिळते असं मला वाटत नाही.

बर्फातच, पण फार कोवळा असा स्वीडनचा 'लेट द राइट वन इन' (2008) त्याच्या पाठोपाठ बघा. स्टॉकहोमचं उपनगर, शाळेत छळ सोसणारा बारा वर्षांचा ओस्कर, आणि शेजारी राहायला आलेली, थंडी न वाजणारी एली. रक्त आहे, पण सिनेमा संपल्यावर लक्षात राहतं ते या दोन मुलांचं एकटेपण. 2010 ची अमेरिकी आवृत्ती वाईट नाही, तरी आधी मूळ स्वीडिशच बघा, आणि डब केलेला न घेता सबटायटल्ससह.

शेवटी जपानचा 'क्वाईदान' (1964), मासाकी कोबायाशींचा. चार भूतकथा, रंगवलेलं आकाश, आणि तोरू ताकेमित्सूंचं पार्श्वसंगीत, ज्यात शांतताही वाजते. हिमवादळात भेटणाऱ्या स्त्रीची दुसरी कथा मला सगळ्यात प्रिय. तिथे आभाळात चक्क डोळे रंगवलेत, आणि ते खोटे आहेत हे माहीत असूनही त्यांच्यासमोर अवघडल्यासारखं होतं. एक काळजी घ्या: अमेरिकेत दाखवताना लांबी कमी करायला नेमकी हीच कथा कापली होती. त्यामुळे बघायला घेण्याआधी लांबी तपासा. तीन तासांहून मोठी असेल तीच आवृत्ती पूर्ण. एका बैठकीत जमत नसेल तर रात्री एक कथा अशा चार रात्री घ्या, कथा एकमेकींवर अवलंबून नाहीत.