वाचकांचे प्रश्न : अभ्यासाला बसूनही सुरुवात होत नाही तेव्हा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मला एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि काम वेळेत सुरू करणे अवघड करणारी अवस्था) असल्याचे निदान झाले आणि त्याच तपासणीत स्वमग्नताही (ऑटिझम) असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. शाळेत मला गुण चांगले मिळत, त्यामुळे घरी अजून कोणाचा यावर विश्वास बसत नाही. या सत्रात पाच विषय आहेत आणि प्रत्येक विषयाचे दर आठवड्याला काही ना काही लिहून द्यावे लागते. संध्याकाळी सहाला मी टेबलापाशी बसते. नऊ वाजतात तेव्हा पान कोरेच असते आणि ते तीन तास कुठे गेले हे मला खरोखर सांगता येत नाही. मग मुदतीच्या आदल्या रात्री जागून सगळे एकदम लिहिते, दुसरा दिवस झोपेत जातो आणि तोवर पुढची असाइनमेंट येऊन पडलेली असते. मैत्रिणी हेच काम दोन तासांत आटोपतात. वेळापत्रके करून पाहिली, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून पाहिला. मी आळशी आहे का, की या शिक्षणाला लायकच नाही?

उत्तर : तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : नाही, यांपैकी काहीही नाही. रोज तीन तास कोऱ्या पानासमोर बसून राहणे हे अत्यंत थकवणारे काम आहे, आणि ते तू महिनोन्‌महिने करते आहेस.

शाळेत तुझा दिवस दुसऱ्यांनी आखलेला होता. घंटा होती, तासिका होत्या, वही रोज तपासली जाई, घरी आठवण करून देणारे कोणीतरी असे. कॉलेजात ही चौकट एकदम निघून जाते आणि तिच्या आधाराने झाकली गेलेली अडचण उघडी पडते. घरच्यांना आणखी एक गोष्ट सांगून पाहा. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. त्याआधीच्या आवृत्तीनुसार एडीएचडी आणि स्वमग्नता ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीला देता येत नसत. दोन्ही एकत्र असलेल्या मुलांची नीट ओळख पटू लागली ती अलीकडच्या काळातच.

आता अभ्यासाकडे वळू. कॉलेज तुझे काम पानांत आणि शब्दांत मोजते. तुझी दमछाक मात्र लिहिताना फारशी होत नाही, आणि याचा पुरावा तुझ्याच पत्रात आहे : आदल्या रात्री तू सगळे लिहून काढतेस. शक्ती जाते ती सुरुवात करण्यात, वेळेचा अंदाज बांधण्यात आणि एका विषयातून दुसऱ्या विषयात शिरण्यात. ही कामे कोणत्याही प्रश्नपत्रिकेत लिहिलेली नसतात, त्यांना गुणही नसतात. एडीएचडीवर दीर्घकाळ संशोधन केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांचे प्रतिपादन असे आहे की या अवस्थेत अडचण ज्ञानाची नसते. जे ठाऊक आहे ते योग्य वेळी कृतीत उतरवण्याची असते. म्हणूनच नवे वेळापत्रक तुझ्या उपयोगी पडले नाही. काय करायचे हे तुला आधीच ठाऊक होते.

सुरुवातीपासून पाहू, कारण खरी कोंडी तिथेच आहे. ‘निबंध लिहिणे’ हे एक काम नसून वीस कामांची मोळी आहे, आणि मोळी अख्खी उचलायला गेले की हात थांबतो. यादीत लिहायचे ते पहिले पाऊल इतके लहान असावे की त्यासाठी विचार करावा लागू नये : फाइल उघडून तिला नाव देणे, प्रश्न जसाच्या तसा टाइप करणे, त्याखाली एक चुकीचे का असेना पण वाक्य लिहिणे. हे पाऊल एखाद्या ठरलेल्या घटनेला बांधून टाक. ‘संध्याकाळी अभ्यास करीन’ असे ठरवण्याऐवजी ‘चहाचा कप खाली ठेवला की फाइल उघडीन’ असे ठरवावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये अशा ‘जर-तर’ संकल्पांविषयी सविस्तर लिहिले. नुसत्या निश्चयापेक्षा असे संकल्प अधिक वेळा पार पडतात, कारण ‘केव्हा’ हा निर्णय आयत्या वेळी घ्यावा लागत नाही. शेजारी कोणी शांतपणे आपले काम करत बसले असेल तर एडीएचडी असलेल्या अनेकांना सुरुवात करणे सोपे जाते. याला बॉडी डबलिंग म्हणतात. मैत्रीण प्रत्यक्ष नसेल तर व्हिडिओ कॉलवर दोघींनी आवाज बंद ठेवून आपापले काम केले तरी चालते.

तुझ्या बाबतीत मला आणखी एक शंका येते. स्वमग्न विद्यार्थ्यांचे पान कोरे राहण्याचे कारण पुष्कळदा प्रश्नाच्या मोघमपणात असते. ‘या विषयाची चिकित्सक चर्चा करा’ म्हणजे नेमके काय करायचे, किती बाजू मांडायच्या, स्वतःचे मत लिहायचे की नाही, हे इतरांना संकेतांवरून उमगते. तुला ते स्पष्ट सांगितलेले हवे असते. ते मागणे तुझा हक्क आहे. शिक्षकांना तीनच प्रश्न लिहून विचार : किती शब्द अपेक्षित आहेत, कोणते मुद्दे आलेच पाहिजेत, आणि चांगल्या उत्तराचा एखादा नमुना पाहायला मिळेल का. या एका पत्राने तुझ्या कित्येक संध्याकाळी वाचतील असे मला मनापासून वाटते.

वेळेच्या अंदाजाबद्दल स्वतःला दोष देऊ नकोस. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो पूर्ण व्हायला किती दिवस लागतील असे विचारले. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून अधिक. हे सर्वसाधारण विद्यार्थी होते. ज्यांना काळाची जाणीवच अस्पष्ट होते, त्यांनी मनातल्या घड्याळावर विसंबणे हा स्वतःवर अन्यायच आहे. दोन आठवडे प्रत्येक कामाला प्रत्यक्षात किती वेळ लागला तेवढेच टिपून ठेव; पुढचा अंदाज त्या नोंदीवरून बांध. टेबलावर काट्यांचे घड्याळ ठेव, म्हणजे उरलेला वेळ डोळ्यांना दिसेल.

एका संध्याकाळी पाचही विषय घेऊ नयेस, कारण पाच विषय म्हणजे पाच सुरुवाती. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. एका दिवशी एक विषय, फार तर दोन. पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पोमोडोरो पद्धत तुला अनेकांनी सुचवली असेल. सुरुवात होत नाही तेव्हा ती जरूर वापर, पण एकदा कामात बुडालीस की गजर बंद करून टाक. स्वमग्नतेच्या अभ्यासक डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडल्याप्रमाणे स्वमग्न व्यक्तीचे लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण फार खोलवर लागते. ती तंद्री घंटी वाजवून मोडली तर पुन्हा सुरुवातीची किंमत मोजावी लागते. पाणी, जेवण आणि झोप यांचे गजर मात्र ठेव.

एवढे करूनही काम मावत नसेल, तर काम खरोखरच जास्त आहे का हे मोजून पाहावे. युरोपातील श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत पूर्णवेळ विद्यार्थ्याचे एक वर्ष ६० श्रेयांकांचे असते आणि वर्गातील तास धरून त्याचे १५०० ते १८०० तास होतात. म्हणजे पूर्णवेळ नोकरीइतके. तुझी दोन आठवड्यांची नोंद याच्या बरीच पुढे जात असेल, तर ती घेऊन विभागप्रमुखांना भेट आणि एखादा विषय पुढील सत्रात घेता येईल का ते विचार. त्यात कमीपणा नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराच्या २४ व्या कलमात उच्च शिक्षणातही वाजवी सवलतींची तरतूद आहे. मागताना केवळ मुदतवाढ मागू नकोस, हे मी आग्रहाने सांगते. एडीएचडी असलेल्या विद्यार्थ्यासाठी तीन आठवडे दूर गेलेली तारीख दिसेनाशी होते आणि शेवटची रात्र तशीच येते. त्याऐवजी मधल्या तारखा माग : अमुक दिवशी आराखडा, अमुक दिवशी पहिला खर्डा, मग अंतिम लेखन. आणि ही मागणी सत्राच्या आरंभी कर. मुदत उलटल्यावर केलेली तीच विनंती सबब वाटते.

औषधांचा निर्णय तुझ्या डॉक्टरांबरोबर घे. मैत्रिणीच्या गोळ्या कधीही घेऊ नकोस.

प्रश्न : मला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे शब्द ओळखून वाचणे अवघड जाते. लिहिणे कसेबसे जमते, पण दर आठवड्याला तीन-तीन शोधनिबंध वाचून यायला सांगतात. एक पान वाचायला मला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो आणि शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

उत्तर : तिन्ही निबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, ही अट तूच स्वतःला घातलेली असण्याची शक्यता आहे. शोधनिबंध तसे सहसा वाचले जात नाहीत. आधी सारांश, मग निष्कर्ष, मग आकृत्या आणि तक्ते पाहावेत. त्यानंतर आपल्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे ते ठरवून तेवढाच भाग नीट वाचावा. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय आज बहुतेक संगणकांत आणि फोनमध्ये असते. कानांनी ऐकत, डोळ्यांनी त्याच ओळी पाहत गेलास तर शब्द ओळखण्यात खर्च होणारी शक्ती अर्थाकडे वळेल. स्कॅन केलेली पाने या सोयीला अनेकदा वाचता येत नाहीत, म्हणून ग्रंथपालांकडून मजकूर निवडता येईल अशी प्रत मिळवावी.

विसरण्यावर उपाय पुन्हा वाचणे हा नाही. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, पण आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. तुला लिहिण्याचा त्रास होतो, तर लिहू नकोस. प्रत्येक भागानंतर पान झाकून दोन मिनिटे स्वतःच्या आवाजात सांग आणि ते फोनवर ध्वनिमुद्रित कर. आठवड्याअखेर तीच तुझी टिपणे होतील.

प्रश्न : मी कॉलेजात शिकवतो. एका विद्यार्थ्याला मुदत वाढवून दिली तर वेळेत काम करणाऱ्या इतरांवर अन्याय होतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आपले मत काय?

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात याचा मला आनंद आहे, कारण अनेक जण तो मनातच ठेवतात आणि सवलत नाकारतात. आपली असाइनमेंट नेमके काय मोजते, हे आधी ठरवावे. युक्तिवादाची पारख करायची असेल, तर तो मंगळवारी आला की शुक्रवारी याने त्याचा कस बदलत नाही. जिथे वेग हेच कौशल्य आहे तिथे सवलत देता येणार नाही, आणि तसे आपण आरंभीच स्पष्ट सांगावे. पण अशी कामे मोजकीच असतात.

माझी सूचना अशी की शक्य तितके बदल सर्वांसाठीच करावेत. सूचना तोंडी न देता लेखी द्याव्यात, गुण कशाला आहेत हे छापून द्यावे, सत्राच्या सर्व तारखा पहिल्याच दिवशी जाहीर कराव्यात आणि मोठ्या कामाचा आराखडा मध्यावर पाहावा. त्यानंतर स्वतंत्र सवलत लागणारे विद्यार्थी थोडेच उरतील. त्यांच्यासाठी पहिल्याच तासाला वर्गात सांगावे की ज्यांना वेगळी व्यवस्था हवी असेल त्यांनी या आठवड्यात एकट्याने भेटावे, सर्वांसमोर कोणाला काही विचारले जाणार नाही. मग कोणा विद्यार्थ्याला मुदतीच्या रात्री अकरा वाजता आपला आजार ई-मेलमधून सिद्ध करत बसावे लागणार नाही.